उतारी थांबले पाय... सायकलचा अभंग भजनात चालतो का?

निर्मळा_फ
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, फलटणला सायकलचं दुकान चालवायचे. भाड्याच्या सायकली, पंक्चर, ओव्हरहॉलिंग. दुकान बंद केलं की हात रॉकेलने धुवायचे, मग साबणाने, आणि एकादशीला टाळ घेऊन भजनी मंडळात. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला यायची त्या दिवशी दुकानाबाहेर पंप ठेवलेला असायचा. वारीबरोबर निघालेल्या कुणाचीही सायकल असो, त्या दिवशी कामाचे पैसे घ्यायचे नाहीत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि संध्याकाळी मंडळाचं भजन ठेवलंय. दुकान आवरताना उधारीच्या वहीत मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं हे सापडलं:

देह सायकल जुनी । चालवितो चक्रपाणी ॥
दोन चाके सुखदुःख । एक दांडी दोघां देख ॥
श्वास भरियेला आत । वाल्व तुझिया हातात ॥
मीपणाचा काटा रुते । हवा क्षणात सरते ॥
नाम साखळी ओढिते । पाय माझे निमित्त ते ॥
उतारी थांबले पाय ।

इथेच थांबलंय. पुढचा अर्धा चरण नाही, 'अमका म्हणे' नाही. त्याच्या खाली कुणाच्या तरी टायरचे साठ रुपये मांडलेत.

मला हे त्या दिवशी भजनात म्हटलं जावं असं फार वाटतं. मंडळाच्या बुवांना दाखवलं तर ते म्हणाले, "पोरी, भावना कळते, पण भजनात वाल्व आणि पंक्चर नको. संतांची वाणी आहे ती." ते अण्णांचे चाळीस वर्षांचे सोबती, त्यांना दुखवायचं नाही. तुम्हाला काय वाटतं? सायकलसारखी गोष्ट अभंगात चालते का? आणि तो अर्धा चरण कुणीतरी पूर्ण करावा का?

कवडसा
वाचनखूण साठवली. 'एक दांडी दोघां देख' वर थांबलो बराच वेळ.

हरिभाऊ_सोवनी
निर्मळाताई, आधी नमस्कार. वडिलांची निष्ठा ओळीओळीत दिसते. तरी विचारलंत म्हणून माझं मत मोकळेपणाने सांगतो.

देहाला वाहन म्हणणं आपल्याकडे फार जुनं आहे. कठोपनिषदात 'आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु' असं आहे. आत्मा रथात बसलेला, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. एकेका भागाला नेमकी जागा आहे. सायकलमध्ये ही मांडणी बसत नाही. तिथे बसणारा, ओढणारा आणि वळवणारा एकच. मग 'चालवितो चक्रपाणी' म्हटल्यावर सीटवर नक्की कोण बसलंय? देव बसला असेल तर 'पाय माझे' कुठून आले? पहिल्या आणि पाचव्या चरणाचं जुळत नाही. रूपक घेतलं तर ते शेवटपर्यंत पेललं पाहिजे, असं माझं म्हणणं.

वाल्व या शब्दाबद्दल मी बुवांच्या बाजूचा आहे.

टाकीचा_घाव
हरिभाऊ, आदर ठेवून असहमत.

नरहरी सोनारांनी काय केलं? 'देह बागेसरी जाणे । अंतरात्मा नाम सोने.' बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. त्रिगुणांची मूस केली आणि आत ब्रह्मरस ओतला. सेना महाराज तर थेट 'आम्ही वारीक वारीक । करूं हजामत बारीक' म्हणतात, विवेकाचा आरसा दाखवतात, वैराग्याचा चिमटा हलवतात. सावता माळ्यांना कांदा, मुळा, भाजीत विठाई दिसली. जनाबाईंचं जातं आहेच. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने देवापुढे ठेवलं. पेढी आणि पोथीवाल्यांचीच अवजारं पवित्र असती तर वारकरी संप्रदाय उभाच राहिला नसता.

आज चिमटा आणि मूस जुनी झाली म्हणून आपल्याला सोवळी वाटतात. त्या काळी हजामतीचा चिमटा देवळात किती जणांना रुचला असेल, याचा विचार करा. फलटणच्या सायकलवाल्याने वाल्व म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? 'वायुनियंत्रक झडप'?

ओंजळभर
'वायुनियंत्रक झडप तुझिया हातात' म्हणून बघितलं. टाळ चुकला. :)

पाना_नं_१०
मोबाइलवरून लिहितोय, शुद्धलेखन चालवून घ्या. माझं कोल्हापूरला सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. म्हणून राहवलं नाही.

ताई, तुमच्या वडलांनी एकही शब्द उगाच टाकलेला नाही. वाल्वचं बघा. जुन्या सायकलच्या वाल्वला आत बारीक रबरी नळी असते, वालट्यूब. पंपाची हवा तिला ढकलून आत जाते, पण परत बाहेर यायला बघते तेव्हा तीच नळी भोक दाबून धरते. टायर चांगला, ट्यूब चांगली, कुठं काटा नाही, आणि तरी सकाळी हवा बसलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं पंक्चर आहे. आम्ही आधी वाल्ववर थुंकी लावून बुडबुडा बघतो. पन्नास पैशाची नळी सडलेली असते. श्वास कुठं अडकलाय हे ज्याने हजार वेळा बोटाने बघितलंय तोच 'वाल्व तुझिया हातात' लिहील.

आता चक्रपाणी. ताई, हा शब्द त्यांनी मुद्दाम घातलाय असं मला वाटतंय. चक्रपाणी म्हणजे ज्याच्या हातात चक्र आहे तो. दिवसभर हातात चाक कोण धरून बसतो? आम्हीच. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा म्हणजे चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, जिथे खडू लागला तिथे चाक त्या अंगाला गेलंय. मग पलीकडच्या बाजूचा आरा आवळायचा, अलीकडचा जरा सैल करायचा. काळ्या सायकलला पुढे ३२ आरे, मागे ४०. एक आवळला की शेजारचे सगळे बदलतात. चाक सरळ फिरायला लागलं की खडू लागतच नाही, नुसता वारा लागतो बोटाला. देवाला चक्रपाणी म्हणताना त्यांना तो देव आपल्यासारखाच फळकुटावर बसलेला दिसला असणार.

हरिभाऊकाका, मग सीटवर कोण हा प्रश्नच राहत नाही. देव सीटवर नाही, दुकानात आहे.

निर्मळा_फ
@पाना_नं_१०, दादा, तुमचं वाचून मी उठून बाहेर गेले थोडा वेळ. तो खडू अजून दुकानाच्या खिडकीत आहे. आम्ही शाळेतून आणून द्यायचो तुकडे. तो शब्द मी इतक्या वेळा वाचला आणि मला हे दिसलं नव्हतं.

अटलांटाकर_स्नेहल
मी गेली अकरा वर्षं अमेरिकेत आहे. इथल्या कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमध्ये एका मैत्रिणीबरोबर जाते कधीकधी, गाण्यासाठी. तिथलं एक फार जुनं भक्तिगीत आहे, गुलामगिरीच्या काळातल्या परंपरेतलं. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्ट्याला आकाशात चाकात चाक दिसतं, त्यावर रचलेलं. त्यात म्हटलंय की मोठं चाक श्रद्धेने फिरतं आणि लहान चाक देवाच्या कृपेने. टाळ्या वाजवत गातात, अर्धी मंडळी 'चाकात चाक' धरून ठेवतात आणि बाकीचे त्यावर ओळी सोडतात. आपल्या भजनात झीलकरी धरतात तसंच.

आणि गंमत बघा, हेच चाक पुढे सायकलपर्यंत येतं. फ्रान्सिस विलार्ड म्हणून दारूबंदी आणि स्त्रियांच्या मतदानासाठी झटणारी मोठी कार्यकर्ती होती. तिने ५३व्या वर्षी सायकल शिकायला घेतली, १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं 'चाकात चाक'. सायकलचं नाव ग्लॅडिस! पडणं, भीती, नजर कुठे ठेवायची, हे सगळं ती आयुष्याला लावत जाते. तेव्हा अण्णा एकटे नाहीत. सायकलवर बसून देवाचा विचार करणारी माणसं जगात सगळीकडे आहेत.

मोठं चाक श्रद्धेचं आणि लहान कृपेचं, यातला फरक मला अजून नीट कळलेला नाही. कुणी सांगेल का?

कवडसा
मोठं चाक म्हणजे पेडलचं दातेरी चाक, लहान म्हणजे मागचं फ्रीव्हील? एक आपण फिरवायचं, दुसरं फिरतं.

अटलांटाकर_स्नेहल
कवडसा!! मूळ गाणाऱ्यांच्या मनात सायकल नव्हती, पण आता मला दुसरं काही दिसणारच नाही.

मिलिंद_मिरज
आईनस्टाईन म्हणालेच होते, जीवन सायकलसारखं आहे, तोल राखायचा तर चालत राहा. परवाच ग्रुपवर आलं होतं, खरंखोटं देव जाणे.

प्रयोगवही
मिलिंद, हे खरं निघतं. ५ फेब्रुवारी १९३०ला त्यांनी धाकट्या मुलाला, एडुआर्डला, लिहिलेल्या पत्रात ते वाक्य आहे. मूळ जर्मन.

आता माझा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. मी भौतिकशास्त्र शिकवते. सायकल चालताना पडत का नाही, याचं उत्तर आम्ही वर्षानुवर्षं 'फिरत्या चाकांमुळे, भोवऱ्यासारखी' असं देत आलो. २०११मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्या लोकांनी अशी सायकल बनवली की उलटी फिरणारी जादा चाकं लावून भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला, पुढच्या चाकाची नेहमीची ठेवणही काढून घेतली. तरी ढकलून सोडल्यावर ती माणसाशिवाय तोल सांभाळत गेली. म्हणजे एकच एक कारण पुरत नाही. पण एक गोष्ट कायम दिसते: सायकल ज्या बाजूला पडायला लागते त्याच बाजूला तिचं पुढचं चाक वळतं. डावीकडे झुकली की डावीकडे. नवशिका घाबरून उलट वळवतो आणि आपटतो.

हे मुलांना सांगताना मला दर वेळी काहीतरी होतं. पडतोय त्याच दिशेला वळायचं. अण्णांच्या अभंगात हँडल नाहीये, ते असतं तर हा चरण मी मागून घेतला असता.

शुभा_क
प्रयोगवही, माझ्या आजीने हेच सांगितलं होतं, शोधनिबंधाशिवाय. आजोबा गेल्यावर सगळे म्हणत होते मन दुसरीकडे वळव, प्रवास कर. ती म्हणाली, मला रडू ज्या बाजूला येतंय त्या बाजूला जाऊ द्या. वर्षभर त्यांचे कपडे रोज झटकून घडी करायची. मग एक दिवस स्वतःच बांधून देऊन टाकले.

केदार_सायकलवारी
आम्ही दर आषाढीच्या आधी पुण्याहून सायकलने पंढरपूरला जातो. हल्ली नाशिकहून, इतर गावांहूनही असे जथे निघतात. दिवे घाटात शिरलं की बोलणं बंद होतं, सगळ्यांचा नुसता श्वास ऐकू येतो. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका काकांनी चढावर पेडलच्या तालावर 'ज्ञानोबा' 'तुकाराम' धरलं, उजव्या पायाला एक, डाव्याला एक. अर्ध्या घाटात सगळा गट त्यात होता. मी नास्तिक माणूस, फिटनेस म्हणून जातो, पण त्या दिवशी पाय माझे होते असं छातीठोक सांगू शकत नाही.

'पाय माझे निमित्त ते' म्हणून पटलं. फलटणवरूनच जातो आम्ही. ताई, दुकान कुठे होतं सांगाल का?

हरिभाऊ_सोवनी
'निमित्त' शब्दाकडे माझंही आता पुन्हा लक्ष गेलं. गीतेत अकराव्या अध्यायात 'निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्' आहे. सव्यसाची म्हणजे दोन्ही हातांनी बाण सोडणारा अर्जुन. तिथे हात, इथे पाय. पाना दादांनी चक्रपाणीचा अर्थ उलगडल्यावर माझी पहिली शंका फिटली, हे कबूल करतो. वाल्वचा आग्रहही सोडतो. मात्र साखळीबद्दल अजून अडतं. साखळी स्वतः ओढत नाही, ती पायाचा जोर पोचवते. नामाला ओढणारं म्हणायचं तर साखळी कशी चालेल?

पाना_नं_१०
काका, बरोबर बोललात, साखळी ओढत नाही. पण साखळी पडली की काय होतं ते बघितलंय का? पाय जोरात फिरतात, आणि सायकल जागेवर. माणूस घाम गाळतोय आणि इंचभर पुढे नाही. माझ्या मते त्यांना ते म्हणायचंय.

टाकीचा_घाव
दोघांचंही बरोबर, आणि अभंगाला एवढी ओढाताण सोसते यातच तो पक्का आहे हे आलं.

ओंजळभर
अवांतर: 'संसाररथाची दोन चाकं' म्हणतो ना आपण, नवरा आणि बायको. रथाची चाकं शेजारी शेजारी असतात, सायकलची मागेपुढे. आमच्या घरी हे वाचून दाखवल्यावर पुढचं चाक कोण यावर जेवण होईपर्यंत चर्चा झाली. सौ.चं म्हणणं, वळवतं ते पुढचं आणि कष्ट करतं ते मागचं, आणि दोन्ही तीच.

नंदिनी_कोलकाता
सौ.ना नमस्कार कळवा.

बंगालीत याच्या अगदी जवळचं एक गाणं आहे, शाह अब्दुल करीम यांचं. बांगलादेशातल्या सुनामगंजचे बाउल, म्हणजे भक्तीची गाणी गाणारे लोककवी, १९१६ ते २००९. मानवगाडीत बसून सख्याच्या घरी निघालो होतो, अर्ध्या वाटेत गाडी अडली, काही उपाय सुचत नाही. ढोबळ अर्थ असा. 'गाडी चालत नाही' हेच पालुपद. इकडे रिक्षावाल्यापासून कॉलेजच्या बँडपर्यंत सगळे गातात आणि कुणाला ते खालच्या दर्जाचं वाटत नाही. गाडी मध्येच अडते तिथेच गाणं सुरू होतं. अण्णांचा अभंग जिथे अडलाय तिथे अडू द्यावा असं मला वाटतं.

कवडसा
मी मात्र पूर्ण करून पाहिला. आगाऊपणाबद्दल क्षमा.

उतारी थांबले पाय । ओढी पंढरीची माय ॥

शुभा_क
माझा: उतारी थांबले पाय । चाक थांबे ऐसे काय ॥

टाकीचा_घाव
शुभाताई, तुमचा सरस. पण दोन्ही वाचल्यावर वाटतं, पूर्ण झालं की पाय पुन्हा पेडल मारायला लागतात.

पाना_नं_१०
फ्रीव्हीलबद्दल सांगायचं राहिलं. उतारावर पाय थांबले की मागून टिकटिक टिकटिक आवाज येतो ना, तो फ्रीव्हीलमधल्या खटक्यांचा. दुकानात आम्ही त्यांना कुत्री म्हणतो. पेडल मारताना ती दात पकडून ठेवतात, पाय थांबले की दातावरून घसरत बोलत राहतात. माझे वडील म्हणायचे, चढावर माणूस बोलतो, उतारावर चाक बोलतं.

ओंजळभर
कुत्री! भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तूप घेऊन धावले होते, आता कळलं का ते. सगळ्या गोष्टी शेवटी पंढरपूरलाच पोचतात.

मिलिंद_मिरज
नामदेव फ्रीव्हीलला तूप लावायला धावले, असं मी माझ्या नातवाला सांगणार आहे. तो विश्वास ठेवेल.

पाना_नं_१०
तूप नका लावू हो. पातळ तेल, दोन थेंब.

निर्मळा_फ
मंडळी, धागा वर काढतेय. परवा वर्षश्राद्ध झालं. काय झालं ते सांगायलाच हवं, तुम्ही सगळे माझ्याबरोबर होता.

आदल्या आठवड्यात हा सगळा धागा मी बुवांना वाचून दाखवला. नरहरी आणि सेना महाराजांपाशी आले तर म्हणाले, "ते मला नको शिकवूस, मीच शिकवलेत तुझ्या बापाला." पण चक्रपाणीच्या जागी हात वर करून मला थांबवलं. परत वाच म्हणाले. मग वही मागून घेतली आणि घरी घेऊन गेले.

भजनाच्या दिवशी पसायदानाच्या आधी त्यांनी स्वतःच वही उघडली. चष्मा लावला. कुणाला काही सांगितलं नाही, सरळ 'देह सायकल जुनी' घेतलं. मंडळातले निम्मे लोक अण्णांकडेच सायकल शिकलेले, कैची मारत. 'वाल्व तुझिया हातात' आलं तेव्हा मागे कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक आमच्या शेजारचे काका. शेवटी 'उतारी थांबले पाय' म्हटलं आणि बुवा थांबले. पखवाज चालू, टाळ चालू. पुन्हा तेवढंच म्हटलं आणि पुन्हा थांबले. तिसऱ्यांदाही.

भजन संपल्यावर चहा घेताना बुवा आईला म्हणाले, वहिनी, पुढचं त्याला सुचलं नसावं. आई म्हणाली, "सुचायचं काय त्यात? आम्ही ताथवड्याच्या बाजूने घाट उतरून यायचो, मी मागे कॅरिअरवर. चढताना गुणगुणत असायचे. उतार लागला की गप्प. मी एकदा विचारलं, काय झालं, तर म्हणाले, ऐक."

एवढंच. तिला तो अभंग आजवर कुणी दाखवलाच नव्हता. मी पण नाही. वही सापडली तेव्हा तिला त्रास होईल म्हणून लपवून ठेवली होती. ते मी करायला नको होतं.

कवडसा, शुभाताई, तुमच्या दोन्ही ओळी वहीत समोरच्या पानावर तुमच्या नावासकट लिहून ठेवल्यात. अर्ध्या चरणापुढची जागा मोकळीच ठेवली आहे.

हरिभाऊ_सोवनी
निर्मळाताई, आईंना माझा नमस्कार सांगा. बुवांनी चाल कोणती लावली?

निर्मळा_फ
काका, आधी नेहमीची अभंगाची चाल होती. तिसऱ्या चरणापासून त्यांनी लय उतरवली. नाव मला सांगता येत नाही, रेकॉर्डिंग आहे, घरच्यांना विचारून चढवते.

केदार_सायकलवारी
ताई, यंदा आम्ही एकवीस जण आहोत. दुकानाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिथे दहा मिनिटं थांबू.

निर्मळा_फ
व्यनि केलाय. दुकान बंद आहे पण शटर उघडून ठेवते. पंपाचं वॉशर गेलंय, तेवढं बघायला हवं.

पाना_नं_१०
चामड्याचं वॉशर असेल तर तेलात भिजवून फुगतं का बघा आधी. नाहीतर पालखीच्या आदल्या दिवशी मी येतो कोल्हापूरहून, माझा पंप घेऊन. खडूचे तुकडे मात्र तुमच्याकडचेच वापरीन.